डेटा केबलवरून अक्षत

१८ फेब्रुवारी २००७, रविवार

काल आमच्या लेकीचा, भावनाचा साखरपुडा झाला. लग्न ६ मे. १७ तारखेपासून अधिक महिना लागतो, त्याच्या आत उरकायचं ठरलं. मुलगा निकेश, कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो. शांत आहे. जेवताना मान वर केली नाही, तरी भात तीनदा घेतला.

मी कामाला असतो त्या कंटेनर यार्डातून मिळालेली डायरी दीड महिना कोरी पडली होती. आजपासून रोज लिहायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.

कामांची यादी केली. हॉल, आचारी, बँड, पत्रिका. ही कामं कोणीही करेल. एक काम मात्र माझंच. जीवनला बोलावणे. जीवन आमचा मुलगा, जहाजावर फिटर आहे. नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, तेव्हा तो यायलाच हवा.

बायको सोनाबाई म्हणाली, "रविवारी अकराला त्याचा फोन येतो. मीच बोलते दरवेळी. यावेळी तुमी घ्या नि सांगा, ये म्हणून." बायकांना सगळंच सोपं वाटतं. आमच्यात लग्नाचं बोलावणं फोनवर करत नाहीत. पत्रिका न्यायची, हातावर अक्षत ठेवायची, तोंडाने ‘या’ म्हणायचं. माझ्या लग्नात कोन गावच्या थोरल्या काकांना नुसता निरोप धाडला, तर ते आले नाहीतच, वर अकरा वर्षं आमच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. सोनाबाई म्हणते, "घरच्या पोराला कसलं आवतान?"

समुद्रात पत्रिका घेऊन जाता येत नाही. पण इंटरनेटवर कॅमेरा लावला की माणूस समोर बसल्यासारखा दिसतो. अक्षत दाखवता येईल. भावनाच्या कोर्ससाठी घेतलेला कॉम्प्युटर घरात आहे. माझा मोबाईल आहे. दोन्ही जोडले की घरात नेट. लँडलाइन मी गेल्या वर्षीच परत केली. एका घराला दोन फोन कशाला? याला दूरदृष्टी म्हणतात.

जीवन निघाला तेव्हा आमचं थोडं बोलणं झालं होतं. किरकोळ. त्याला चौदा महिने झाले.

२० फेब्रुवारी, मंगळवार

यार्डातून सुटल्यावर पनवेलला स्टँडसमोर कमलाकरच्या मोबाईल दुकानात गेलो. केबल घेतली, सीडी घेतली, कॅमेरा घेतला. कमलाकर म्हणाला, "काका, मेल आरामात बघाल. पण कॅमेऱ्याचं नाव काढू नका, मोबाईलच्या नेटला तेवढा स्पीड नाय." कॅमेरा विकताना मात्र नाव काढलं त्याने. दुकानदाराला सगळं कळत असतं तर तो दुकानात कशाला बसला असता?

आणखी एक सांगितलं. नेट चालू असलं की फोन लागत नाही. समोरच्याला ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असं ऐकू येतं.

उत्तम. म्हणजे कामात व्यत्यय नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

वेळ झाला नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सीडी घातली. केबल जोडली. कॉम्प्युटर म्हणाला, नवीन हार्डवेअर सापडले. पाच मिनिटांनी म्हणाला, सापडले नाही. पुन्हा जोडली, पुन्हा सापडले. त्याचं त्यालाच ठरवता येत नाही.

भावना म्हणाली, निकेशला विचारू या, तो एका मिनिटात करेल. मी नाही म्हटलं. होणाऱ्या जावयाला लग्नाआधी कामाला लावणाऱ्यांतला मी नाही. शिवाय हे काम घरच्या माणसाने घरच्या माणसासाठी करायचं आहे. ती म्हणाली, मग सायबर कॅफेतून मी दादाला मेल करते. तिला ताकीद दिली. तारीख तू कळवायची नाहीस. घरचं बोलावणं भाड्याच्या खुर्चीवरून जात नाही.

निर्णय : नेटचं काम फक्त रविवारी. इतर दिवशी वजनकाट्यावर कंटेनर मोजून डोकं जड झालेलं असतं. रविवारी सकाळी दहा ते बारा डोकं स्वच्छ असतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

९.४५. देवाला नमस्कार करून सुरुवात.

१०.१०. मोडेम सापडला. म्हणजे मोबाईल हाच मोडेम. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

१०.३०. डायल केलं. कनेक्टिंग. एरर ६९२.

१०.४०. एरर ६९२.

१०.५०. एरर ६१९. प्रगती आहे.

११.०५. रेंज कमी पडते असा शोध लागला. मोबाईल गॅलरीत, कर्नाळ्याच्या सुळक्याच्या दिशेला धरला की एक कांडी वाढते. केबल तेवढी लांब नाही, म्हणून टेबल ओढत गॅलरीच्या दाराशी आणलं. सोनाबाईची पापडाची परात हलवावी लागली.

१२.२०. थांबलो. केबल काढताच मोबाईलवर निरोप आला, तीन मिस्ड कॉल. लांबलचक नंबर, ८७० ने सुरू होणारा. कंपनीवाले असणार, फोनवर गाणं लावून घ्या म्हणून मागे लागतात.

सोनाबाईने नंबर बघितला. म्हणाली, "आज जीवनचा फोन नाय आला." म्हटलं, विसरला असेल. आजकालची मुलं.

४ मार्च, रविवार

मधले दिवस राहिले. यार्डात इन्स्पेक्शन होतं. यापुढे रोज.

भावनाने सायबर कॅफेतून माझा मेल आयडी काढून आणला. पासवर्ड चिठ्ठीवर आहे. चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली. जीवनला काय लिहायचं त्याचा कच्चा मजकूर कागदावर तयार करतो आहे. सुरुवात ‘चि. जीवन यास अनेक आशीर्वाद’ इथपर्यंत उत्तम जमली.

१०.३० ते १२.३०. एकदा ‘व्हेरिफाइंग युजरनेम अँड पासवर्ड’ इथपर्यंत गेलं. पडद्यावर ती ओळ बघून काय वाटलं ते सांगता येत नाही. मग एरर.

मिस्ड कॉल चार. पुन्हा ८७०. फारच चिकाटी आहे या कंपनीवाल्यांची.

११ मार्च, रविवार

आज एक घटना घडली. ती स्वच्छ लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी वेगळं सांगायला नको.

११.१५ ला समोरच्या भामाताई दार वाजवत आल्या. जीवनचा फोन त्यांच्या मोबाईलवर आला होता. आमचा लागत नाही म्हणून त्याच्या आईने पूर्वी दिलेल्या त्यांच्या नंबरवर लावला. सोनाबाई हातातलं लाटणं घेऊनच धावली. भावना धावली. भामाताई मला म्हणाल्या, "चला ना भावोजी, तुमचं नाव घेतंय पोरगं."

नेमकं त्याच वेळी कॉम्प्युटर युजरनेम व्हेरिफाय करत होता. तीन रविवारांत दुसऱ्यांदा. सोडून कसं जाणार? म्हटलं, हा आलोच दोन मिनिटांत.

आमच्या दारापासून त्यांचं दार बारा पावलं आहे. मी गेलो तेव्हा फोन ठेवून झाला होता. जहाजावर प्रत्येकाला पाचच मिनिटं मिळतात, त्याला मी काय करू?

सोनाबाईच्या हातात लाटणं तसंच होतं. भावना म्हणाली, "बाबा, दादाने विचारलं, बाबा आहेत का घरात. आई म्हणाली आहेत. तो म्हणाला, बरं."

नेटही लागलं नाही. एरर ६१९.

१३ मार्च, मंगळवार

पत्रिका छापून आल्या. पहिली गावदेवीला ठेवली. दुसरी जीवनची. नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, पाकिटात अक्षत घातली आणि मॉनिटरवर ठेवली. कॅमेऱ्यासमोर धरायला सोयीची पडेल.

मेलचा मजकूर आता चाळीस ओळी झाला आहे. हॉलचा पत्ता, वऱ्हाडाची बस, मुहूर्त, जेवणात काय काय, सगळं आलं. ‘ये’ हा शब्द कुठे घालावा ते ठरत नाही. शेवटी घातला तर उपचार वाटतो. सुरुवातीला घातला तर मी अजिजी करतो आहे असं वाटेल.

१८ मार्च, रविवार

सकाळी बसायच्या आधीच भावना समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, ताकीद मोडून तिने दादाला तारीख केव्हाच कळवली आहे. सायबर कॅफेतून. साखरपुड्याच्या दुसऱ्याच आठवड्यात.

मग रविवारी फोन कशाला करतो? असं विचारलं. तर म्हणाली, "तुमच्यासाठी. त्याचं म्हणणं आहे, बाबांनी येऊ नको म्हटलं होतं, तर बाबांनीच ये म्हणावं. ३१ मार्चला त्याला कंपनीला सांगायचंय, एप्रिलअखेर उतरणार की पुढचे सहा महिने करणार. पुढचा रविवार शेवटचा आहे. एवढा एक रविवार फोन मोकळा ठेवा, बाबा. मी पाया पडते."

ती खरंच पाया पडली. लग्न ठरलेल्या मुलीने असं करू नये.

ठीक आहे म्हटलं. त्यात काय एवढं? ठेवू मोकळा.

मुलगा बापाकडून बोलावण्याची अपेक्षा करतो. हा हट्ट कोणाचा घेतला कोण जाणे.

आजचा रविवारही मोकळा ठेवता आला असता, असं सोनाबाई मागाहून म्हणाली. पण बोलता बोलता अकरा वाजून गेले होते आणि मी त्याआधी सवयीने केबल जोडून ठेवली होती.

२४ मार्च, शनिवार

निर्णय. उद्या केबल कपाटात. मोबाईल चार्ज करून टेबलावर. अकराला फोन आला की पहिल्या रिंगला न घेता तिसऱ्या रिंगला घ्यायचा. बोलायची वाक्यं :

१) कसा आहेस.
२) जेवण मिळतं का.
३) भावनाचं लग्न ६ मेला आहे (त्याला माहीत आहे, तरी सांगायचं).
४) तुझ्या सोयीने बघ.

चौथं वाक्य सोनाबाईने वाचलं आणि पेन घेऊन खोडलं. त्याच्यावर ‘ये’ लिहिलं. तिचं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे, पण अक्षर ठसठशीत.

२५ मार्च, रविवार

९.००. मोबाईल टेबलावर. केबल कपाटात.

१०.००. एक तास नुसतं बसून काय करायचं? एकदाच लावून बघतो. पावणेअकराला काढणार. सोनाबाई देवळात गेली आहे, भावना लग्नाच्या खरेदीला.

१०.२५. कनेक्टेड!!!

१०.२७. खरंच कनेक्टेड. खाली कोपऱ्यात दोन छोटे कॉम्प्युटर लुकलुकतात. पाच आठवड्यांची मेहनत. कोणाची मदत नाही, जावई नाही, कॅफे नाही. घरात कोणी नव्हतं म्हणून गॅलरीतून भामाताईंच्या दाराकडे बघितलं. तिथे कुलूप. त्या लेकीकडे उरणला गेल्या आहेत.

१०.४०. मेलचं पान येतं आहे. आधी निळी पट्टी आली. मग पांढरं.

१०.५२. पासवर्ड चुकला. शेवटचं अक्षर कॅपिटल होतं.

१०.५८. सोनाबाई आली. "केबल काढा." म्हटलं, पान अर्धं आलं आहे, आता काढली तर सगळं जाईल. मेल उघडला की इथूनच त्याला लिहितो, फोनची गरजच नाही.

११.०४. ती म्हणाली, "काढा."

११.०९. ती म्हणाली, "अवो, पोर लावत असंल."

११.२०. तिने काढली. हिसडून. मोबाईल खाली पडला, मागचं झाकण निघालं, बॅटरी कॉटखाली गेली. शोधून घालेपर्यंत साडेअकरा झाले. मग निरोप आला. सहा मिस्ड कॉल.

फोन हातात घेऊन ती दोन वाजेपर्यंत बसली. जेवली नाही. मी जेवलो, कारण अन्न टाकू नये.

ही डायरी कोणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. चौदा महिन्यांपूर्वीचं बोलणं किरकोळ नव्हतं. यार्डात साहेबांच्या हातापाया पडून मी त्याच्यासाठी जागा धरली होती. त्याने जहाज धरलं. बॅग घेऊन तो खाली वाकला, तेव्हा मी पाय मागे घेतले. म्हणालो, गेलास तर या घराची पायरी चढू नकोस. शेजारपाजारचे सगळे होते. त्याने पायरीला नमस्कार केला आणि गेला. पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर तो मुंबईत उतरला होता. आठ दिवस मित्राकडे राहून पुन्हा गेला. हे मला माहीत होतं. पाचही रविवार तो ८७० नंबर कोणाचा आहे, हेही माहीत होतं.

अकरा वाजत आले की माझे हात थंड पडतात. केबल हातात असली की बरं वाटतं.

१ एप्रिल, रविवार

अकराला फोन आला नाही. मोबाईल मोकळा होता.

१२.१०. नेट लावलं. पहिल्या झटक्यात लागलं. मेल उघडला. दोन मेल. एक मेलवाल्या कंपनीचा, स्वागताचा. दुसरा जीवनचा, २६ मार्चचा. इंग्रजी अक्षरांत मराठी, जुळवून वाचायला वेळ लागला.

लिहिलं होतं, बाबा, काल शेवटचा प्रयत्न केला. माझ्यानंतर ज्याचा नंबर होता, त्याने त्याची पाच मिनिटंही मला दिली. तुमचा फोन क्षेत्राच्या बाहेर होता. समजलो. सहा महिने वाढवून घेतले आहेत. भावनाला सांगा, कान पिळायला कोणालाही उभं करा. तब्येत सांभाळा.

तीनदा वाचला. पान बंद केलं, पुन्हा उघडलं. तेच होतं.

सोनाबाईला वाचून दाखवला. ‘समजलो’ हा शब्द मी वगळला. ती म्हणाली, "यात कायतरी गाळलंत तुमी."

१५ एप्रिल, रविवार

नेट आता उत्तम चालतं. रोज उघडतो. जीवनचा फोन भामाताईंकडे येतो. त्या मला हाक मारत नाहीत.

त्याला उत्तर लिहिलं आहे. चाळीस ओळींतल्या अडतीस काढल्या. उरलेलं ड्राफ्टमध्ये ठेवलं आहे. पाठवायचं बटण सापडलं आहे. घाई करण्यात अर्थ नाही, आता सहा महिने आहेत.

६ मे, रविवार. लग्न. रात्री ११.३०

कार्य नीट पार पडलं. जेवण चांगलं झालं. उकाडा फार होता. नवरी गेली.

सकाळपासून मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवला होता. आवाज पूर्ण मोठा. रविवारच होता. कोणाला कारण सांगितलं नाही.

११.०५ ला कानपिळीला सुरुवात झाली. आमच्या थोरल्या भावाचा दादू उभा राहिला. निकेशने कान पुढे केला. दादूने पिळल्यासारखं केलं. बँड जोरात. भावना समोर बघत नव्हती, खाली बघत होती. आणि खिशात फोन वाजला.

चष्मा घरी राहिलेला. नंबर लांब दिसला. बटण दाबलं, कानाला लावला. बँडमुळे काही ऐकू येईना, नुसती खरखर, समुद्रासारखी. बोलायची वाक्यं पाठ होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी ओरडलो, मी चुकलो रे बाबा. घर तुझंच आहे. पायरीचं मनावर घेऊ नको. ये. कधीही ये. असं दोनदा म्हणालो. डोळ्यांतून पाणी आलं. आजूबाजूच्यांना वाटलं, मुलीसाठी.

मग बँड थांबला. पलीकडचा माणूस म्हणत होता, "येतोय ना काका, रडताव कशाला? कळंबोलीच्या सर्कलला अडकलोय. बर्फ नाय वितळला, मी हाय ना."

सरबताच्या बर्फाचा टेम्पोवाला.

पंधरा मिनिटांनी आला. लाद्या उतरवताना त्याने विचारलं, "काका, आता बरं हाय ना?" हो म्हटलं, आणि पिंप कुठे आहे ते दाखवलं.